खपशास्त्री

दीर्घायुषी व्हिडिओ गेम-मालिकांभोवती वावरणाऱ्या एका विशिष्ट मानववर्गाला सोयीसाठी खपशास्त्री म्हणता येईल. कोणत्या भागाच्या किती प्रती खपल्या याचा हिशेब ठेवणे हे त्याचे बिनपगारी जीवितकार्य असून, कंपनीचा एकही शेअर जवळ नसताना तिच्या तिमाही अहवालाच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नाही. या वर्गाच्या अभ्यासास जपानमध्ये १९८७ साली सुरू झालेली ‘फायनल फँटसी’ ही मालिका विशेष उपयुक्त ठरते, कारण हिशेब चुकण्याच्या बहुतेक सर्व वाटा तिच्यात उपलब्ध आहेत.

तिचा चौथा भाग अमेरिकेत १९९१ साली ‘दुसरा’ म्हणून आणि सहावा १९९४ साली ‘तिसरा’ म्हणून विकला गेला, तर १९९७ साली सातवा मात्र सातवा म्हणूनच अवतरला. त्यामुळे अमेरिकी ‘तिसरा’ कोणाच्या खात्यावर चढवावा हे नवशिक्याला उमगत नाही, आणि त्याला ते उमगत नाही याचा शास्त्रीबुवांना होणारा आनंद लपत नाही. सातवा भाग २०२० पासून नव्याने घडवून पुन्हा विकला जाऊ लागला. हा अवतार मूळ खात्यात धरावा की स्वतंत्र, या प्रश्नाला शास्त्र्याचे उत्तर नेहमी ठाम असते, फक्त ते दरवेळी एकच नसते.

खरी विद्वत्ता दिसते ती रवानगी आणि विक्री यांच्या भेदात. रवानगी म्हणजे दुकानांकडे धाडलेला माल, आणि विक्री म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती प्रत्यक्ष पडलेल्या प्रती. कंपन्या बहुधा पहिल्या आकड्यात इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या प्रती मिळवून ती बेरीज जाहीर करतात. अटारी कंपनीच्या ‘ई. टी.’ या १९८२ सालच्या खेळाच्या दुकानांकडे गेलेल्या प्रतींपैकी पुष्कळशा न खपता परतल्या, आणि त्यांतील काही १९८३ साली न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचऱ्यात पुरल्या गेल्या, त्यांतल्या थोड्या २०१४ साली उकरून काढण्यात आल्या. लाडक्या मालिकेबाबत शास्त्री रवानगीचा आकडा निःशंकपणे धरतो. प्रतिस्पर्धी मालिकेबाबत त्याला अलामोगोर्डो आठवते.

साधनांची टंचाई त्याला कधी जाणवत नाही. जपानमधील ‘फामित्सू’ हे नियतकालिक काही दुकानांतील विक्रीवरून देशभरातील पेटीबंद प्रतींचा साप्ताहिक अंदाज काढते. त्यावर उतरवून घेतलेल्या प्रतींसाठी किती टक्के चढवायचे, हे अंतिम बेरीज मनात ठरल्यावर निश्चित होते. ‘स्टीम’ या संगणकी खेळांच्या दुकानात खपाचे आकडे सहसा उघड होत नसल्याने, तेथे ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय मोजून त्यांना तीस-पन्नास अशा एखाद्या गुणकाने गुणण्याची पद्धत आहे, म्हणजे पंगतीतले ढेकर मोजून पाने किती उठली ते सांगण्यासारखेच. पण गुणक एकदा स्वीकारला की उत्तर शेवटच्या अंकापर्यंत मिळते, आणि शास्त्र्याला तेवढे पुरते.

या सगळ्या खटाटोपामागे बहुधा एक जुने वैर असते. स्क्वेअर कंपनीच्या ‘फायनल फँटसी’ची पूर्वापार स्पर्धा एनिक्स कंपनीच्या, १९८६ साली निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’शी, पण २००३ साली या दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि तेव्हापासून दोन्ही मालिकांचे उत्पन्न एकाच तिजोरीत पडते. शास्त्र्याने या विलीनीकरणाची तारखेसह नोंद केलेली असते, आणि तिच्या खालच्याच ओळीत ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या ताज्या आकड्यातून दुकानात पडून राहिलेल्या प्रती वजा करायला घेतलेल्या असतात.