मीठ-साखरेची जोडी

"काय हो बाई, कोपऱ्यावरच्या बंगल्यात काल रात्रभर दिवे चालू होते?"

"धाकट्याला जुलाब लागलेत, वहिनी. लग्नात जेवून आला होता. आणि ताकद यावी म्हणून आईनं पाजलं काय, तर बाटलीभर कोल्ड्रिंक!"

"अगंबाई! मग?"

"मग काय, आणखी वाढले. एवढं गोड पोटात गेलं की आतड्यातलं पाणी रक्तापेक्षा दाट होतं. पेशींमधून पाणी सहज ये-जा करतं, साखर तशी जात नाही. जिकडे दाट, तिकडे पाण्याची धाव. अंगातलंच पाणी उलटं आतड्यात उतरतं."

"मग नुसतं पाणी द्यायचं?"

"पाणी शोषलं जातं ते मिठाच्या मागोमाग. जुलाबात मिठाची नेहमीची वाट बंद पडते. पण आतड्याच्या पेशीवर एक दार तेव्हाही चालू असतं. सत्यनारायणाला जोडप्यानं बसतात ना, तसा तिथला नियम. ग्लुकोज एकटं आलं, नाही चालणार. मिठातलं सोडियम एकटं आलं, तेही नाही. एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम."

"इश्श! एक बायको, दोन नवरे?"

"हसा! पण ही मंडळी आत गेली की पाणी न बोलावता मागून जातं. पेशीच्या पलीकडच्या अंगाला पंप आहे, तो सोडियम रक्ताकडे उपसत राहतो. म्हणून दाराशी गर्दी तुंबत नाही."

"हे शोधलं कुणी?"

"रॉबर्ट क्रेननं १९६० साली मांडलं. पण कसाला लागलं ते १९७१ मध्ये, बंगालात बनगावला. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आलेले, छावणीत कॉलरा, सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली, पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. शंभरातले तीस दगावत होते, ते चारच्याही खाली आले. डॉक्टरांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, तेही मरणोत्तर."

"आपल्याकडे असंच! पण ओआरएसच्या पुडीत असतं तरी काय हो?"

"ही बघा, वाचा. मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. वजनं वेगळी, पण एकूण सोडियम आणि ग्लुकोज कणांच्या मोजणीत बरोबरीनं."

"म्हणजे अंदाजपंचे चालायचं नाही."

"मुळीच नाही! अख्खी पुडी एक लिटर पाण्यात, अर्धीमुर्धी नको. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं पाजा. आणि पोर मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर गप्पा सोडून तडक दवाखाना गाठायचा!"