मान पडते

वस्तू विकत घेण्यापूर्वी चार ठिकाणी चौकशी करावी, हा गृहस्थाश्रमाचा जुना शिरस्ता आहे आणि त्याला माझा विरोध नाही; परंतु चौकशीत खंड पडू नये एवढ्याचसाठी खरेदी टाळीत राहणारा जो एक मनुष्यवर्ग आपल्यांत वावरतो, ज्याच्यापाशी पंख्याच्या पात्यांपासून विम्याच्या हप्त्यांपर्यंत प्रत्येक विषयाचे टाचण तयार असते आणि ज्याच्या घरी जुनाच पंखा कुरकुरत असतो, त्या वर्गाचे आमचे नाना हे मुकुटमणी होत. असा एक नाना आपल्यापैकी प्रत्येकाच्या परिचयात असतोच. फरक इतकाच, की तुमचे नाना सदनिका किंवा मोटार पाहत असतील. आमचे नाना बेस गिटार पाहतात.

नाना भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झाले. खाते सुटले, पण दफ्तर सुटले नाही. गिरगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत खिडकीखाली लाल पाठीची एक लांबट वही असते आणि तीत आजवर पाहिलेली प्रत्येक बेस गिटार स्वतंत्र प्रकरण म्हणून दाखल झालेली आहे: कोठे पाहिली, वजन किती, मानेची रुंदी किती मिलिमीटर, तपासणीची तारीख कोणती, आणि शेवटच्या रकान्यात तपासणाऱ्याचा शेरा. ‘अपात्र’, ‘तहकूब’ आणि ‘फेरतपासणीस पात्र’ हे शेरे मी स्वतः वाचले आहेत. ‘मंजूर’ हा शेरा त्या वहीने अद्याप पाहिलेला नाही. वाद्यांची दुकाने धोबीतलावला, म्हणजे नानांच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, हे नानांचे भाग्य आणि दुकानदारांचे प्राक्तन.

त्यांचे अंदाजपत्रक २५ ते ४० हजारांचे आहे आणि त्यामागे काही तत्त्व आहे. दहा-बारा हजारांची गिटार ही त्यांच्या मते भिंतीवर टांगण्याची वस्तू; आणि लाख-दीड लाखाची अमेरिकन फेंडर चौकशीच्या दृष्टीने निरुपयोगी, कारण तिच्यात एखादा दोष काढावा तर दुकानदार तिची किंमत सांगतो आणि संभाषण तेथेच संपते. मधला पट्टा मात्र नानांचे वतनच आहे. तेथे प्रत्येक वाद्यात काहीतरी उत्तम असते आणि काहीतरी खटकते. यामाहाची बांधणी निर्दोष, पण आवाज फार सभ्य. आयबानेझची मान बारीक, म्हणून ‘बोटांना फाजील सवलत देणारी’. स्क्वायरचा आवाज थेट काळजाला भिडणारा, पण मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटांची, टोके तळहाताला लागतात. ज्यांत नऊ व्होल्टची बॅटरी असते, ती वाद्ये नाना हातातच घेत नाहीत. वादक जोडणीची वायर काढून ठेवायला विसरला की बॅटरी रात्रभर जळत राहते आणि ऐन कार्यक्रमात दगा देते, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. लाकडाच्या बाबतीत तर त्यांना सातबारा वाचल्याचा आनंद होतो. २०१७ च्या आरंभी आंतरराष्ट्रीय करारान्वये शिसवीच्या कुळातील लाकडाच्या व्यापारावर सरसकट निर्बंध आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली खरी, परंतु तोवर कारखानदारांनी दुसरी लाकडे शोधली होती, आणि त्यांतले एक होते आमच्या सह्याद्रीतही वाढणारा ऐन. इंडोनेशियात जुळवलेल्या, अमेरिकन नाव मिरवणाऱ्या एका गिटारीच्या पट्टीवरून बोट फिरवीत नाना विक्रेत्याला म्हणाले, “हा ऐन. आमच्या गावी याचे वासे घालतात.” विक्रेता वयस्क गोवेकर होता, त्याने जांभई दिली.

परंतु हे सारे उपचार झाले. नानांच्या चौकशीचा खरा गाभा निराळाच आहे. बेस गिटारीची तार, म्हणजे तिचा वाजणारा भाग, बहुधा ३४ इंच लांबीची असते. तिला पेलणारी मान त्या मानाने लांब, टोकाला चार जाडजूड खुंट्यांचे वजन, आणि धड जर हलके किंवा पट्ट्याची खुंटी जर चुकीच्या जागी, तर हात सोडताच मान खाली झुकते. गिब्सनची थंडरबर्ड या दोषाबद्दल जगभर बदनाम आहे. म्हणून नाना कोणतीही गिटार वाजवून पाहण्यापूर्वी गळ्यात अडकवतात, दुकानाच्या मध्यभागी उभे राहतात, डोळे मिटतात आणि दोन्ही हात वर करतात. क्षणभर शांतता. मग मान हळूहळू जमिनीकडे निघते आणि नाना डोळे न उघडताच निकाल देतात, “मान पडते.”

एकदा दुपारच्या वेळी दुकानात शिरू पाहणाऱ्या एका दांपत्याने काउंटरपलीकडे गंभीर मुद्रेचा विक्रेता आणि अलीकडे हात वर करून उभा असलेला पांढऱ्या केसांचा गृहस्थ असे दृश्य पाहिले, आणि दरोड्याच्या समजुतीने ते आल्या पावली रस्त्यावर पळाले. “नाना, हात खाली घ्या, गिऱ्हाईक जातंय,” असे त्या गोवेकराने कळवळून सांगितले; पण प्रकरण सुनावणीस लागले होते.

हीच कसोटी नाना पुढे सृष्टीतील यच्चयावत पदार्थांना लावू लागले. आमच्या घरी पंगतीला बसले असता आमटीचा नवा डाव पातेल्यात बुडून गेला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना त्यांनी विचारले, “वहिनी, घेताना हात सोडून पाहिला नव्हता का? याची मान पडते.” माझ्या मेव्हणीच्या मुलीला पाहायला आलेला मुलगा चहा-पोहे होईपर्यंत मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता, मंडळी गेल्यावर सर्वांनी पगार, शिक्षण, उंची यांचा ऊहापोह केला आणि अखेरीस नानांकडे पाहिले. नाना म्हणाले, “बाकी ठीक आहे. मान पडते.” स्थळ मोडले. विधानसभेच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडीत आमच्या चाळीत आला आणि त्याच्यामागे त्याचे श्रेष्ठी जिना चढले. श्रेष्ठींकडे वळताना उमेदवाराच्या पाठीला जो बाक आला, तो पाहून नाना माझ्या कानाशी लागले. ते काय म्हणाले असतील, हे सांगण्याची गरज नाही, आणि तो गृहस्थ निवडून आल्यावर पाच वर्षे आम्हाला त्या तपासणीचा प्रत्यय येत राहिला.

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. जगप्रसिद्ध बेसवादक पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये होफ्नरची बेस गिटार सुमारे ३० पौंडांत घेतली, तीही मुख्यतः स्वस्त म्हणून, आणि दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने डावखुऱ्या माणसाच्या गळ्यात वेडीवाकडी दिसणार नाही म्हणून. त्याने लाल पाठीची वही ठेवली नव्हती, तरी जगाचे काही बिघडले नाही, असे मी एकदा त्यांना ऐकवले. नाना शांतपणे म्हणाले, “ती १९७२ मध्ये चोरीला गेली आणि सापडायला पन्नासावर वर्षं लागली. नोंद नीट ठेवली की वस्तू सापडते.” आणि जेम्स जेमरसनचे काय, असे मी विचारणार होतो, मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या असंख्य गाण्यांचा पाया एकाच बोटाने रचणाऱ्या, तारा सहसा न बदलणाऱ्या त्या माणसाची गिटार १९८३ मध्ये चोरीला गेली ती आजतागायत मिळाली नाही, पण नानांचा चेहरा पाहून मी तो विषय काढला नाही. त्यांच्या देव्हाऱ्यात जेमरसन आहे आणि त्याच्या शेजारी राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ आहेत.

या दुसऱ्या दैवतामुळे नाना अंताक्षरीतून कायमचे हद्दपार झाले. अंताक्षरीत लोक गाण्याची चाल म्हणतात. नाना गाण्यातला बेस म्हणत. पाळी आली, की ते घशाच्या तळातून ‘डूम्, डुडूम्, डूम्’ असे काहीतरी अत्यंत तन्मयतेने काढीत आणि मग सर्वांकडे अपेक्षेने पाहत. कोणाला गाणे ओळखू येत नसे. “अहो, हे तुम्ही हजार वेळा ऐकलं आहे,” असे नाना अजिजीने सांगत, आणि तेच तर त्यांचे दुखणे होते.

आता येथे नानांचे हे दुखणे खरे आहे, असे मला कबूल करणे भाग आहे, आणि ते मी फारशा आनंदाने करीत नाही. बेस गिटारीची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात; मोबाइलच्या इवल्याशा कर्ण्यातून तो मूळ नाद मुळी बाहेरच पडत नाही, आणि आज पुष्कळ गाणी तेथूनच ऐकली जातात. १९८१ साली रोलंड या जपानी कंपनीने तर बेसवाल्याच्या जागी ठेवता यावी म्हणून टीबी-३०३ नावाची एक चंदेरी पेटीच बाजारात आणली. तिला बेसवाल्यासारखे काही वाजवता येईना, म्हणून थोड्याच वर्षांत ती बंद झाली; मात्र १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी तिच्या साथीने राग वाजवून एक अद्भुत तबकडी काढली. नाना या पेटीची हकिकत सांगतात, ती खुनी हल्ल्यातून बचावलेल्या माणसाच्या समाधानाने.

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी एका रात्री ऑर्केस्ट्रा असतो आणि त्यात नाना कोपऱ्यात उभे राहून मंडळाच्या मालकीची, कोणा दिवंगत वादकाच्या घरून आणलेली एक जुनी बेस गिटार वाजवतात. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. एका वर्षी त्यांना ताप आला. गायिका तीच, ढोलकीवाला तोच, गाणीही तीच. तरीपण लोक मध्यंतरापूर्वीच उठून भेळेच्या गाडीकडे गेले, आणि कार्यकर्त्यांनी दुसऱ्या दिवशी माइकवाल्याला धारेवर धरले. माइकवाला निरपराध होता. पुढच्या वर्षी मी मुद्दाम मंडपात कोपऱ्याच्या बाजूस खुर्ची टाकून बसलो, तेव्हा प्रथमच त्या मंडळाच्या गिटारीकडे माझे लक्ष गेले. ती पूर्वी किती सुंदर असेल, देव जाणे. पण तिची मान पडत होती. नाना तीन तास ती मान डाव्या हाताने पेलून धरीत होते आणि त्याच हाताच्या बोटांनी सूर दाबीत होते. एकदाही सूर हलला नाही. हे ते कित्येक वर्षे करीत आले होते आणि त्यांनी कोणापाशी तक्रार केली नव्हती. फक्त दुकानांतून हात वर करून उभे राहत होते.

परिणाम व्हायचा तोच झाला. खांदा आखडला, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, आणि अस्थितज्ज्ञांनी नानांना समोर उभे करून दोन्ही हात वर करायला सांगितले. मग कागदावर काहीतरी लिहिले. नानांनी तो कागद मला दाखवला. वैद्यकीय परिभाषा बाजूला ठेवल्यास तात्पर्य असे होते, की मान पुढे पडते. शेरा त्यांच्याच दफ्तराच्या भाषेत असल्यामुळे अपिलाला जागा नव्हती. गळ्यात कापडी पट्टा आला आणि चार किलोचे वाद्य वर्ज्य झाले.

याच सुमारास त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीने, कोणालाही न विचारता, कॉलेजातून परत येताना २६ हजारांची एक बेस गिटार घरी आणली. तिचा रंग बडीशेपेच्या गोळीसारखा गुलाबी होता आणि तिने ती रंग पाहूनच घेतली होती. शिवाय ती ३४ नव्हे, ३० इंचांची होती, म्हणजे नानांच्या मते ‘बालवर्गाची’. नाना तिसऱ्या दिवशी ‘सहज’ गेले. त्यांनी मानेचा बाक पाहिला, फ्रेटांची टोके चाचपली, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास बारीक तारेवर एखादा सूर मुका आहे काय, हे शोधले. आणि मग ती गळ्यातल्या पट्ट्यावरून अडकवून दोन्ही हात वर केले. मान जागची हलली नाही. “काका, मॅकार्टनीची होफ्नरपण ३० इंचांचीच होती ना?” पुतणीने विचारले. नानांनी उत्तर दिले नाही. ते वाजवू लागले होते. दीड तासाने त्यांना जेवायला उठवावे लागले.

त्या रात्री वहीत जो शेरा पडला, तो असा: ‘अपात्र. कारण: रंग.’ पुतणीने तो वाचला आणि वाद्य देणे बंद केले. तेव्हापासून दोन्ही पक्षांत वाटाघाटी चालू आहेत. शेरा बदलल्याशिवाय गिटार मिळणार नाही, असे तिचे म्हणणे, आणि दाखल झालेली नोंद खोडता येत नाही, फार तर तिला पुरवणी जोडता येते, असे नानांचे. पुरवणीत ‘रंग सह्य’ एवढे लिहायला ते राजी झाले आहेत; तिला ‘उत्तम’ पाहिजे. तडजोड होईतोवर, तपासणी अपुरी राहू नये एवढ्या कारणास्तव, गुलाबी गिटार दर रविवारी सकाळी नऊ ते बारा नानांच्या ताब्यात असते, आणि पुतणीने तिच्या भाड्यापोटी दर खेपेला एक वडापाव ठरवून घेतला आहे.