चेकनाक्यापर्यंतचा चॅम्पियन

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीत जा. सेक्रेटरी, भिशीवाल्या काकू आणि गच्चीची चावी कोणालाही न देणारे खजिनदार यांच्याबरोबर तिथे एक रेसर असतोच. ओळखायला अगदी सोपा. त्याच्या गाडीवर कव्हर असतं आणि ते कव्हर खराब होऊ नये म्हणून त्यावर जुनी चादर असते. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी बँकेत नाहीतर विमा कंपनीत, पायात पातळ तळव्याचे बूट. जाड तळव्यातून ब्रेक ‘कळत नाही’ म्हणे. आणि राहतो अशा ठिकाणी, जिथे घाटकोपरहून अंधेरीला जाताना काटा तिसाच्या पुढे गेला तर गाडीतल्या सगळ्यांना शंका येते की आज कसली तरी सुट्टी आहे. उपनगरात राहून वेगाचा नाद करणं म्हणजे शुद्ध शाकाहारी खाणावळीत बसून बोंबील फ्रायची वाट बघणं. पण हा गडी वाट बघतो. जन्मभर.

हा नाद बहुधा मामाकडून लागतो. जुहूच्या ज्या विमानतळावर १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तिथेच पुढे धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. मामाने त्या पाहिलेल्या असतात, कुंपणाबाहेरून. दर दिवाळीत मामाच्या हकिकतीतल्या गाड्यांचा वेग दहा मैलांनी वाढतो आणि मामा कुंपणाच्या थोडा आत सरकतो. भाचा कॉलेजात जाईपर्यंत मामाने एका जॅग्वारला स्वतः धक्का मारलेला असतो.

घरात मात्र फिएट. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगला चिकटलेल्या हँडगिअरची. तीही पाच जणांत मिळून एक, आणि पाचांपैकी चार जण काका. भाच्याने तिच्यावर प्रेम केलं. पुढे १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि त्याने निष्ठा बदलली. इंजिन ७९६ सीसीचं, पण गाडी हलकी! तेव्हापासून या माणसाला वजनाचं वेड आहे. स्टेपनी काढली तर किती किलो कमी, मागची सीट काढली तर किती, सासूबाई नसल्या तर किती. शेवटचा आकडा तो मनातल्या मनात धरतो.

त्याचा एक मिस्त्री असतो. बायको पस्तिशीत कळते, मिस्त्री पहिल्या भेटीत कळतो, असं तो म्हणतो (बायको ऐकत नाही असं बघून). दर रविवारी सकाळी दोघे बॉनेटखाली डोकी घालून उभे राहतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून शोधून आणलेला कसला तरी पार्ट बसतो, प्लग बदलतात, टायरमध्ये हवा दोन पॉइंट जास्त, एक पॉइंट कमी असं चालतं. मग आपला रेसर, म्हणजे सोसायटीचे काका, चेकनाक्यापर्यंत एक चक्कर मारून येतात आणि विजयी मुद्रेने सांगतात, “पिकअप वाढला.” तो फरक या दोघांखेरीज कोणालाही कधी कळलेला नाही. मिस्त्रीला कळतो, कारण बिल त्याचं असतं.

आता त्याच्या चालवण्याबद्दल. गैरसमज असा की हा माणूस गाडी उडवत असेल. उलट! सोसायटीतला सर्वांत सावकाश गाडी चालवणारा तोच. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर राखतो, आणि त्या अंतरात दर वेळी एक रिक्षा, दोन स्कूटर आणि केळ्यांची हातगाडी घुसते. पिवळ्या दिव्याला थांबतो. मागचे हॉर्न मारतात, तो आरशात त्यांच्याकडे कीव करून बघतो. रात्री हायवेवर पैजा लावून बाइक पिटाळणाऱ्या पोरांचा विषय काढला की त्याचा चेहरा लाल होतो. “रेस ट्रॅकवर असते. रस्त्यावर असतो तो गुन्हा,” हे वाक्य तो इतक्या वेळा बोललाय की वॉचमनलाही पाठ आहे. या बाबतीत मी पूर्णपणे त्याच्या बाजूचा आहे.

पण ट्रॅक आहे कुठे? कोल्हापूरला कार्टिंगचा आहे. मोटारींच्या खऱ्या ट्रॅकसाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जायचं, नाहीतर कोइम्बतूरला. जन्मात एकदा तो नवशिक्यांच्या प्रशिक्षणासाठी चेन्नईला गेला. ट्रेनने, स्लीपरमध्ये, हेल्मेट उशाला घेऊन. समोरच्या बाईंनी विचारलं, “गाडी रुळावरून घसरायची भीती वाटते का?” तिथे दोन दिवसांत त्याला कळलं की वेगात जाणं सोपं आणि वळणाआधी योग्य जागी वेग कमी करणं महाकठीण. त्या शिकवणुकीचा उपयोग तो आजतागायत घाटकोपरच्या पुलावर करतोय. पुलावर काही चालतच नाही, तरी वळण बाहेरून घेऊन आतल्या कडेला ‘शिवून’ पुन्हा बाहेर काढतो. ताशी अकरा किलोमीटरने.

तिथून आणलेलं स्पर्धेचं लायसन्स तो पाकिटात ठेवतो, बायकोच्या फोटोपुढे. एकदा नाक्यावर हवालदाराने लायसन्स मागितल्यावर त्याने सहज म्हणून हेच काढून दिलं. हवालदाराने उलटसुलट बघून म्हटलं, “साहेब, जिमचं कार्ड नको, गाडीचं द्या.”

टीव्हीवरच्या फॉर्म्युला वनमध्ये तो स्वतः गाडी चालवतो, त्यामुळे त्या दोन तासांत कोणी दारावरची बेल वाजवायची नाही. २००५ साली इंडियानापोलिसला नारायण कार्तिकेयन चौथा आला. त्या शर्यतीत टायरच्या भानगडीमुळे चौदा गाड्यांनी माघार घेतली आणि सहाच धावल्या, असं कोणी सुचवलं तर काका शांतपणे म्हणतात, “टायर निवडणं हाही रेसिंगचाच भाग.” २०११ला नोएडाजवळ पहिली इंडियन ग्रां प्री झाली. सचिनने चौकटीचा झेंडा हलवला, तेव्हा घरातल्यांनी पहिल्यांदाच पडद्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “सचिन किती लॅप खेळला?” तीन वर्षं शर्यत झाली, तिन्ही वेळा फेटेल जिंकला, आणि मग ती बंदच पडली. काकांनी अजून तिकिटासाठी साठवलेले पैसे मोडलेले नाहीत. ते पैसे आहेत हे बायकोला माहीत नाही, असं त्यांना वाटतं.

मग हा माणूस स्पर्धेत उतरतो तरी कशात? टीएसडी रॅलीत. टाइम, स्पीड, डिस्टन्स. इथे नियतीने त्याची जी थट्टा केली आहे तिला तोड नाही. आयोजक हातात रोडबुक देतात, त्यात प्रत्येक वळणाची छोटी आकृती आणि टप्प्याटप्प्याचा सरासरी वेग. इथून अमुक देवळापर्यंत ताशी ३२, पुढे ताशी ३८. वाटेत लपवलेली नियंत्रण चौकी असते, आणि तिथे बरोबर ठरल्या सेकंदाला पोचायचं. उशीर झाला तर दंड. लवकर पोचलात तरी दंड, आणि बहुतेक ठिकाणी तो जास्त! उभं आयुष्य ज्याने ‘लवकर’ या एका शब्दावर काढलं, त्याचे लवकर पोचल्याबद्दल गुण कापले जातात.

या खेळात खरा मालक चालक नसतो, शेजारी बसून हिशेब करणारा नॅव्हिगेटर असतो. काकांची नॅव्हिगेटर म्हणजे काकू. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. कर्जत-मुरबाडच्या रस्त्यावर गाडीतला संवाद असा:

“अहो, हळू. चार सेकंद पुढे आहोत.”

“अगं, रस्ता मोकळा आहे!”

“मोकळा असू दे. आकडा बत्तीस आहे. आणि डावीकडे वळा म्हटलं होतं मघाशी.”

“मघाशी कधी?”

“तुम्ही त्या पोलोवाल्याकडे बघत होतात तेव्हा.”

नंबर आला नाही. पुढच्या वर्षी काकूंनी महिलांच्या रॅलीत भाग घेतला, शेजारच्या ताईंना नॅव्हिगेटर केलं, आणि करंडक घेऊन आल्या. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या जुन्या संस्था अशा रॅल्या भरवतात, आणि त्यात सासू, सून, नणंद आपापली भांडणं घरी ठेवून नेमाने बत्तीसच्या वेगाने गाडी चालवतात. करंडक शोकेसमध्ये आहे. पाहुण्यांनी “कोणाचा?” विचारलं की काका म्हणतात, “आमच्या गाडीचा.”

मुलीने लायसन्स काढलेलं नाही. ती वर्सोव्याला नोकरीला जाते, मेट्रोने, घाटकोपरहून वीस-बावीस मिनिटांत. ज्या रस्त्यावर काकांना तास-दीड तास लागतो, त्याच्या डोक्यावरून ती निघून जाते, मोबाइलवर मालिका बघत. “बाबा, तुमच्यापेक्षा मी फास्ट,” असं ती एकदा म्हणाली. काकांनी दोन दिवस बॉनेट उघडलं नाही.

तुम्हाला जुनी गाडी घ्यायची असेल तर माझा सल्ला ऐका: दलालाकडे जाऊ नका, आपल्या सोसायटीतला हा माणूस शोधा. ऑइल वेळेवर बदललेलं, सर्व्हिसच्या पावत्या तारीखवार फाइलला, क्लच नव्यासारखा, आणि इंजिनला आयुष्यात कोणी दुखावलेलं नाही. भाव थोडा जास्त सांगेल, द्या. महिन्यातून एकदा गाडी भेटायला आणायची अट घालेल, तीही मान्य करा. फक्त ताबा घेण्याआधी स्टेपनी आहे का ते बघून घ्या.