नोटा दाखवा!

“उतरलं की व्हिसा देतात, काळजी करायचं कारण न्हाई!” हे वाक्य सांगलीजवळच्या माधवनगरात २०२३ पर्यंत इतक्या छातीठोकपणे ऐकू येई, की बँकॉकच्या विमानतळावर व्हिसा म्हणजे देवळातले तीर्थ वाटावे, ओंजळ पुढे केली की मिळाले. सांगणारे गृहस्थ बहुधा एकदाच जाऊन आलेले असत. तेव्हापासून त्यांच्या अंगावरची फुलाफुलांची हाफ पँट उतरलेली नसे.

देत असत हे खरे. देण्याआधी काय मागत, ते कोणी सांगत नसे. थायलंडच्या त्या व्हिसाच्या खिडकीवर लागे अर्ज, ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो, १५ दिवसांच्या आतले परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग आणि २,००० बाट फी, तीही रोख. घ्या बापडे, आपण जन्मभर टोल भरलेली माणसे. पण पुढचा नियम वाचून मी चष्मा पुसला. माणशी १०,००० बाट, कुटुंब असेल तर २०,००० बाट, जवळ असल्याचे दाखवावे. द्यायचे नाहीत. नुसते दाखवायचे.

आता ज्याची हयात पैसे लपवण्यात गेली, त्याने ते दाखवायचे कसे? भावाला कळू नये, व्याह्याला कळू नये, गणपतीच्या वर्गणीवाल्यांना तर वासही लागू नये, हे आमचे संस्कार. यंत्रमागवाल्याने तर ऐन तेजीतही “धंद्यात काय राहिलं न्हाई बघा” असेच म्हणायचे असते. असा गडी परदेशी निघाला की घरातून बनियनला आतून कप्पा शिवून मिळतो, कप्प्याला चेन, चेनवर सेफ्टी पिन. विमानात रात्रभर तो छातीवर हात ठेवून बसतो. हवाई सुंदरीला वाटते, काय हा देशभक्त! आणि पहाटे खिडकीतला साहेब म्हणतो, “मनी?” मग शर्टाची चार बटणे, पिन, अडकलेली चेन, मागे खोळंबलेली रांग आणि शेवटी घामाने भिजलेली नोटांची चळत. साहेब मोजत नाही. बघतो आणि मान हलवतो. बरे, कुटुंब म्हणजे किती माणसे? दोन भाऊ, दोन जावा, आई, आत्या आणि पाच पोरे हे आमच्याकडे एकच कुटुंब. बांधावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेले भाऊ त्या रांगेत पाच मिनिटांत एकत्र येतात. तलाठ्याला, तंटामुक्तीला जे जमले नाही, ते २०,००० बाटांनी करून दाखवले! मुरलेले पर्यटक तर हळूच चळत मागच्याकडे सरकवतात, आणि त्या एका चळतीवर अख्खी टूर घटकाभर श्रीमंत होते.

हसू येते, पण त्याहून राग येतो. शेजारच्या रांगेतून एखादा गोरा, पाठीला विटकी पिशवी, पायात तुटकी चप्पल, शिक्का मारून घेऊन बाहेर पडतो. त्याचा खिसा कोणी चाचपत नाही. आणि ज्याने जन्मभर वीजबिल मुदतीच्या आत भरले, तो इथे छातीची बटणे काढून उभा! का म्हणून? आमच्या नोटांवर विश्वास आहे आणि आमच्यावर नाही?

अर्थात आपणही काही फार दिलदार नाही. भारतात उतरल्यावर व्हिसा मिळतो तो जपान, दक्षिण कोरिया आणि संयुक्त अरब अमिरातीच्या नागरिकांना. त्यातही अमिरातीवाल्याने आधी कधीतरी भारताचा व्हिसा घेतलेला हवा. आणि उतरण्याच्या गोष्टी आम्ही सांगलीकरांनी तर बोलूच नयेत. शेजारच्या कवलापूरच्या धावपट्टीवर इतकी वर्षे आश्वासनांशिवाय काही उतरलेले नाही. तिथे पैसे दाखवा म्हणणारेही कोणी नाही, कारण दाखवणार कोण?

असो. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाच माफ केला. खिशात किती आहेत, हे विचारायचा हक्क मात्र ठेवून घेतला. तेव्हा निघणाऱ्यांनी एवढे करावे: कप्पा शर्टाला शिवावा, आणि बाहेरून.