जोडकाका

प्रत्येक जुन्या सोसायटीत एक जोडकाका असतात. बँकेतून किंवा एमएसईबीतून निवृत्त, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि अंगठ्यावर फेव्हिक्विकचा वाळलेला पापुद्रा. कुणाच्या घरात काही फुटलं की सगळे हळहळतात. काकांचे डोळे चमकतात.

"कशाचं आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "प्लॅस्टिकचं," म्हणणाऱ्याची ते कीव करतात. त्यांच्या लेखी नुसतं प्लॅस्टिक असं काही नसतंच. पॉलिस्टायरीन असतं, एबीएस असतं, पॉलिप्रॉपिलीन असतं. आणि पत्रिका पाहिल्याशिवाय यांपैकी कुणाचंही गमशी लग्न लावायचं नसतं. पत्रिका पाहायची म्हणजे वस्तूचा कपचा पाण्यात टाकायचा. तरंगला तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर बाकीची मंडळी. ही तपासणी वरणाच्या पातेल्यात होते. काकू हल्ली पातेलं लपवून ठेवतात.

काकांचा खरा जीव बेकेलाइटवर. मूळच्या बेल्जियमच्या लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये अमेरिकेत फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून ते बनवलं, हे ऐकून घेतल्याशिवाय जुन्या रेडिओचं बटण काकांकडून परत मिळत नाही. "हे एकदा घट्ट झालं की तापवून वितळत नाही, कुठल्या द्रावकात विरघळत नाही. इथं अरल्डाइटच हवं!" मग पॉलिशपेपरनं कडा खरवडायच्या, स्पिरिटनं पुसायच्या, दोन्ही नळ्यांतला माल सारखा काढून काडीनं घोटायचा आणि वर रबरबँड. तेही बेतानं, फार आवळलं तर गम बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. एवढं झाल्यावर काळ्या फोनचा रिसिव्हर रात्रभर जेवणाच्या टेबलावर विश्रांती घेतो आणि कुटुंब जमिनीवर पानं मांडतं.

तळमजल्यावरच्या सूनबाईंनी एकदा फ्रिजचा तडकलेला पारदर्शक ट्रे नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसला. ट्रे पांढुरका पडला. काका सुतकी चेहऱ्यानं म्हणाले, "अहो, पॉलिस्टायरीन ते! अ‍ॅसिटोननं विरघळतं." फेव्हिक्विकनं त्यांची स्वतःची बोटं चिकटली, की मात्र तीच बाटली मागायला ते तळमजल्यावर उतरतात.

पॉलिथिनच्या बादलीपुढे काकांची मात्रा चालत नाही. तिच्या अंगावर घरातला कुठलाच गम धरत नाही. ती तापवूनच सांधावी लागते. ते काम दारावर येणाऱ्या बादलीवाल्याचं. तापलेली सळई भेगेवरून फिरवून, जुन्या बादलीचा तुकडा वितळवून तो भेग बुजवतो. काका शेजारी स्टूल टाकून बसतात. तुकडा त्याच जातीच्या प्लॅस्टिकचा आहे ना, याची खात्री करून घेतात, सळई किती तापवायची ते सांगतात आणि मध्येच बेकलंडवर येतात. बादलीवाला मान डोलावत राहतो. काकांकडून तो इतरांपेक्षा दहा रुपये जास्त घेतो, ऐकून घेण्याचे.