ऑगर, पहार आणि काळा पाषाण

माण-खटाव, आटपाडी, जतकडं शेताला कुंपण घालायचं म्हटलं की आधी कृषी प्रदर्शन गाठायचं, असा नवा रिवाज आहे. तिथं भुसभुशीत मातीत खांबासाठी खड्डा पाडणारा पेट्रोलवरचा ऑगर सुळकन दोन फूट उतरतो. टाळ्या! शिवारात मात्र वीतभर मुरूम संपला की काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा तो, त्याला ऑगरच्या 52 सीसी इंजिनाचं काय कौतुक? पातं अडकतं आणि हँडल धरलेला मालकच गरगरतो. मग ट्रॅक्टरचा ब्रेकर बोलवा, नाहीतर गपगुमान पहार काढा. लोहाराकडून टोक काढून, पाणी पाजून आणलेल्या पहारीला ना पेट्रोल लागतं, ना अनुदानाचा अर्ज. ऑगर घ्यायचाच असेल, तर दुकानदाराला आधी आपल्या बांधावर चालवून दाखवायला सांगा.