मधली पस्तीस वर्षं

फोर्टात विंटेज गाड्यांची रॅली असली की मुंबईकर रविवारीसुद्धा सातला उठतो. हॉर्निमन सर्कलच्या झाडांखाली गाड्या ओळीनं उभ्या असतात आणि माणसं देवळात फिरावं तशी त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालत असतात. चपला काढायच्या तेवढ्या राहिल्या आहेत.

या गर्दीत दर्दी लगेच ओळखू येतो. तो गाडीचं नाव घेत नाही, थेट साल सांगतो. “एकोणचाळीसची दिसतेय.” लगेच दुसरा दर्दी चष्मा वर करतो, “छे हो, ग्रिल बघा. अठ्ठेचाळीसच्या आधीची नाही.” गाडीचा मालक शेजारीच उभा असतो, पण त्याला कोणी विचारत नाही. शिवाय काही जण डांबरावर पालथे पडून हेडलाइटचा फोटो काढत असतात. त्यांचा फोटो मनासारखा येईपर्यंत रॅली सुटत नाही.

पण बहुसंख्य असतात ते ‘आमच्या वडिलांकडे होती’ म्हणणारे. फियाट दिसली की यांचे डोळे भरून येतात. त्या काळी फियाटसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसत. तरीही एवढ्या वडिलांकडे ती होती, तर बेस्टच्या रांगेत कोणाचे वडील उभे असायचे, याचा खुलासा अजून झालेला नाही.

रोल्स रॉइसला झाडू बांधून रस्ता झाडायला लावणाऱ्या महाराजांची गोष्टही प्रत्येक रॅलीत ऐकू येते. संस्थान मात्र दर वेळी वेगळं असतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या हिकमतीवर ‘मीरा’ नावाची छोटी मोटार बनवली होती, तिचा कारखाना काही उभा राहिला नाही. हा विषय काढला की दर्दी मंडळींना अचानक वडापाव आठवतो.

तऱ्हेवाईक गाडीच हवी असेल तर कलकत्त्याची हंसगाडी घ्या. 1910 च्या सुमारास मॅथ्यूसन नावाच्या एका साहेबानं ती इंग्लंडहून बनवून आणली. पुढे भलामोठा हंस. त्याच्या चोचीतून गरम पाण्याची वाफ सुटे, म्हणजे वाटेतली माणसं बाजूला व्हावीत. मागून पांढऱ्या चुन्याचे शिंतोडे पडत. पक्षी म्हटल्यावर तेही आलंच. लोकांची अशी पळापळ झाली की पोलिसांनी गाडी रस्त्यावर आणायला बंदी घातली. पुढे ती नाभ्याच्या महाराजांकडे गेली आणि आता नेदरलँड्समध्ये हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे. मागून सडा घालत, लोकांची पळापळ करत जाणारं वाहन आपल्याकडे आजही आहे. त्याला पाण्याचा टँकर म्हणतात. त्याचे फोटो कोणी काढत नाही.

एवढं प्रेम ओसंडत असल्यावर सरकार तरी मागे कसं राहील? 2021 च्या जुलैमध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक खात्यानं विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूप न बदललेली गाडी विंटेज. नोंदणीचे 20,000 रुपये, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र ती रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणं, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. म्हणजे पेट्रोल भरायला जायचं, भरून परत यायचं आणि जाण्यायेण्यात जळलेलं भरायला पुन्हा निघायचं. भाजी आणायला बंदी आहे, पण पंप मंडईपलीकडचा निवडायला नियमात कुठे आडकाठी दिसत नाही.

आणि याच खात्याच्या भंगार धोरणाचा शुभारंभ झाला तो त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी संपते. मग नूतनीकरण, तपासणी, पर्यावरण कर आणि ‘कशाला ठेवलीय अजून?’ हा शेजाऱ्यांचा सवाल. पंधराव्या वर्षी पाप, पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षं गाडीनं कुठे तोंड लपवून काढायची, ते ना जुलैच्या नियमांत आहे ना ऑगस्टच्या धोरणात. पांडवांचंसुद्धा तेरा वर्षांत भागलं होतं.

मुंबईच्या पद्मिनी, म्हणजेच फियाट टॅक्सीला तर तेवढीही सवलत मिळाली नाही. तिची मुदत वीस वर्षांची. शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिचा धंदा संपला. त्या आठवड्यात अख्खी मुंबई गहिवरली. याच मुंबईनं तिला हयातभर काय काय ऐकवलं होतं! दार जोरात लावलं की ड्रायव्हर ओरडायचा, हळू लावलं की ते वळणावर आपोआप उघडायचं. काच खाली करायचं हँडल ड्रायव्हरकडे. ते मागून घ्यायचं, फिरवायचं आणि देवाणघेवाण पूर्ण करून परत करायचं. पाऊस आला की पुन्हा अर्ज. ‘फियाट नको, कूल कॅब बघ’ म्हणणारे आता तिचं लोहचुंबक फ्रिजवर लावतात. फ्रिज नवा आहे, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मात्र हिशेब नीट केला आहे. त्यांची 1998 ची मारुती 800 जिन्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असते. बॉनेटवर मांजरीचं बिऱ्हाड, एक टायर बसलेला. ज्या मारुतीची किल्ली इंदिरा गांधींनी 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या ग्राहकाच्या हाती दिली, तिच्या पहिल्या खेपेला 2033 मध्ये पन्नास पूर्ण होतील. काकांच्या गाडीचा नंबर 2048 ला. “तोवर काढायची कशी तरी,” म्हणतात आणि ताडपत्रीची दोरी आवळतात.

सोसायटीचे अध्यक्ष स्वतः मोठे दर्दी. एकही रॅली चुकवत नाहीत; मरीन ड्राइव्हला पिवळी लॅम्बोर्गिनी दिसली तर मॉर्निंग वॉक सोडून तिच्यामागे धावतात. त्यांनीच गेल्या महिन्यात ताडपत्रीवर नोटीस चिकटवली : ‘बेवारस वाहन. सात दिवसांत हलवावे.’ काकांनी खाली पेनानं लिहिलं : ‘वारसा स्थळ (नियोजित).’ अध्यक्षांनी पुरावा म्हणून मोबाइल काढला, ताडपत्री बाजूला सारली आणि चारी बाजूंनी फोटो घेतले. शोरूमबाहेर हार घालून काढलेल्या फोटोनंतर त्या गाडीकडे कोणी कॅमेरा वळवला तो आत्ताच.